पुढचे दोन खांदे

संपाच्या बंदोबस्ताला त्याच गावचा पोलीस लावू नये. एवढी साधी गोष्ट कुणा साहेबाला सुचली नाही, आणि सुचवायची माझी पायरी नव्हती. उलट, ‘तू गावचा आहेस, तुला सगळे ओळखतात, तू पुढे राहा,’ असंच मला सांगण्यात आलं. ओळखत होते हे खरंच. गेट अडवून बसलेल्यांत पहिल्या रांगेत माझा सख्खा मोठा भाऊ होता.

उरवड्याकडच्या त्या कंपनीची जागा म्हणजे पूर्वीची आमची आणि भावकीची भातखाचरं. जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी, असं ठरलं होतं. आमच्या घरातून दादा लागला. मी धाकटा, मग मी पोलीस भरतीच्या मैदानावर पळालो. एक पोरगं कंपनीत, एक सरकारात, म्हणून वडील गावभर मिरवायचे. संपाच्या आधीच गेले ते, सुटले.

खाचरं गेली, पण एक गोष्ट कंपनीला हलवता आली नाही. आमच्या खाचराच्या कडेला आंब्याखाली गावदेवाचं स्थान होतं. स्थान म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा. जेसीबीवाला परराज्यातला, पण त्यानेही हात जोडून नकार दिला. मग कंपनीने देवाभोवती फरशी बसवली आणि बाहेरून कंपाउंडची भिंत घातली. देव आत, गाव बाहेर. चैत्रात यात्रेच्या दिवशी तेवढं मोठं गेट उघडायचं, गावातल्या देवळातून देवाचा मुखवटा घेऊन पालखी आत जायची, मॅनेजर नारळ फोडायचा, असा रिवाज पडला. कुणाची तक्रार नव्हती.

पालखीला दोन दांडे आणि चार खांदे. देव आमच्या शेतातला, म्हणून पुढच्या दोन खांद्यांचा मान आमच्या घराचा. वडील आणि चुलते थकल्यावर उजवीकडे दादा आणि डावीकडे मी. आता मी ताडमाड, आणि दादा आईवर गेलेला, ठेंगणा. पालखी कायम त्याच्या बाजूला कलायची. मग तो टॉवेलची चौपदरी घडी करून खांद्यावर ठेवायचा आणि तिच्यावर दांडा घ्यायचा. तरी देव जरा तिरकाच चालायचा. वहिनी दरवर्षी म्हणायची, “देवाला बी कळतंय, थोरला कंचा आन धाकला कंचा. थोरल्याच्या अंगावर रेलतोय बघा.”

म्हणून त्या सगळ्या संपात मला एकच धास्ती होती. यात्रेच्या आत हे मिटलं नाही, तर दादाचा खांदा पालखीला लागणार कसा?

संपाचं कारण सगळ्या पट्ट्यात असतं तेच. पर्मनंट माणसं कमी करायची आणि कंत्राटी भरायची. बोलले त्यांना निलंबित केलं, त्यांच्यासाठी बाकीचे बाहेर आले, आणि भर थंडीत गेटसमोर मांडव पडला. पहिले काही दिवस मजेचेच गेले म्हणायचे. ते घोषणा द्यायचे, आम्ही खुर्च्यांवर बसून मोबाइल बघायचो. घरी एकाच चुलीवर भाकऱ्या व्हायच्या आणि वहिनी दोन डबे भरायची. एक बॅरिकेडच्या त्या बाजूला जाणार, एक या बाजूला. “दोनी सारखंच भरल्यात,” ती म्हणायची. “तितं जाऊन माजं नाव सांगून भांडू नका.”

मग कंपनीने बसमधून कंत्राटी पोरं आणायला सुरुवात केली. कुठून कुठून आलेली, हिंदी बोलणारी, काचेला तोंड लावून बाहेर बघणारी. बस आली की संपवाले हातात हात गुंफून रस्त्यात उभे राहायचे आणि आम्ही ढाली लावून त्यांना बाजूला रेटायचो. रोज सकाळी तेच. ढालीच्या त्या बाजूला तोंडं ओळखीची. कुणी शाळेत माझ्या बाकावर बसलेला, कुणी लग्नात माझ्या घोड्यापुढे नाचलेला. आणि दादा. तो घोषणा देताना माझ्याकडे बघायचा नाही. पण एकदा गर्दीचा मोठा लोंढा मागून आला, तेव्हा त्याने घोषणा तोडून हळूच मला सांगितलं, “मागं सर, गटार हाय.” मी सरलो. माझ्या शेजारचा शिपाई मात्र गटारात गेला.

संध्याकाळी घरी आई दोघांच्याही पाठीला तेल चोळायची. आधी त्याच्या, मग माझ्या. कुणी कुणाला ढकललं हे तिने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तिने एकदा विचारावं आणि दोघांनाही शिव्या घालाव्यात. तेवढंच मन हलकं झालं असतं.

फाल्गुनात एक दिवस बसवर दगड आले. कुणी मारले ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी काही फरक पडला नसता. लाठीचा हुकूम झाला. बाहेरून मागवलेल्या तुकडीची पोरं तयारच होती. मांडव जमीनदोस्त झाला, डबे रस्ताभर पसरले, लोक रिकाम्या भातखाचरांतून कोळवणच्या रस्त्याकडे पळाले. दादा पळाला नाही, तो खाली बसून राहिला. त्याला गाडीत घालताना पायरी उंच पडली, म्हणून मी हात दिला. त्याने तो धरला. एवढंच काय ते आमचं त्या दिवशीचं.

दादा आणि बाकीचे जामिनावर सुटून आले, आणि त्यानंतर कंपनीने कोर्टातून मनाई आणली. गेटपासून ठरावीक अंतराच्या आत संपातला कुणीही यायचा नाही. अंतर मोजायला टेप आला, आणि टेपचं एक टोक धरायला अर्थातच मी. कंपनीच्या माणसाने चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. लोक पलीकडे उभे राहून बघत होते. दादा म्हणाला, “बरोबर आपल्या बांधावर आनली की रं. हितंच तर हुता बांध.” काही जण हसले. मला हसू आलं नाही. सकाळ-संध्याकाळ त्या रेघेवर उभं राहायचं, पलीकडचा पाय अलीकडे आला की मागे घ्यायला लावायचा, हे माझं काम झालं. चांगली उंची, चांगलं शरीर, आणि काम म्हणजे फक्कीची राखण.

यात्रा जवळ आली तशी गावात चुळबुळ सुरू झाली. आमच्या ठाण्याच्या साहेबांनी बैठक बोलावली. गावचे म्हातारे म्हणाले, देव आत हाय, पालखी जाणारच. कंपनीचा माणूस म्हणाला, जाऊ द्या की, आमचं देवाशी काही भांडण नाही, फक्त संपातला माणूस आत नको. हे त्याने फार गोड आवाजात सांगितलं. गावात असं एक घर नव्हतं ज्यातला कर्ता माणूस संपात नव्हता. उरले म्हातारे, आणि गेटपासून आंब्यापर्यंत चढ आहे. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनी पालखी चढली नसती.

तेव्हा साहेबांना ती कल्पना सुचली. “माझी पोरं उचलतील,” ते म्हणाले. “रेघेपर्यंत गाव आणेल, रेघेपासून आम्ही नेऊ. देव सगळ्यांचा आहे.” साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलंय. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि माना डोलावल्या. दुसरं करणार काय? साहेब माझ्याकडे वळले. “तुमच्या घरचा मान आहे ना? मग पुढे तूच. तुझा मानही राहिला.”

माझ्या मानाचं कुणी विचारलं होतं? पण मी “हो सर” म्हणालो. दुसरं काही म्हणायची आम्हाला सवयच नसते.

घरी सांगितलं तेव्हा दादा जेवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी प्याला, आणि म्हणाला, “रेगेपातूर तरी मी हायेच की.”

यात्रेच्या दिवशी दुपारी पालखी आली. ताशा, गुलाल, बायका डोक्यावर नैवेद्य घेतलेल्या. उजव्या दांड्याखाली दादा, टॉवेलची घडी खांद्यावर. डाव्या दांड्याखाली चुलता तेवढ्यापुरता घुसला होता. आम्ही रेघेच्या अलीकडे बूट-मोजे काढून, अनवाणी, पूर्ण वर्दीत उभे. ऊन इतकं की डांबरावर पाय ठरत नव्हते. पालखी रेघेशी येऊन थांबली. ताशाही थांबला. आता कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, “दादा, तू इथं थांब.”

जन्मभर ज्याच्या मागे मागे फिरलो, त्याला मी चारचौघांत, वर्दीत, आमच्याच बांधावर, तू इथं थांब म्हणालो. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे आणि एकदा माझ्या टोपीकडे बघितलं. मग दांडा उचलून धरला, खांदा काढला, आणि जो शिपाई त्याच्या जागी येणार होता त्याला जवळ बोलावलं. मराठवाड्यातलं पोरगं, नवीनच लागलेलं, घामाघूम झालेलं. दादा त्याला म्हणाला, “डावा पाय आदी टाक. चढाला मागं रेलू नगं, न्हाईतर मागच्यांवर भार येतोय.” पोराने मान डोलावली. दादाने टॉवेल त्याच्या खांद्यावर ठेवला, दांडा टेकवून बघितला, आणि टॉवेल परत काढून घेतला. “तुला न्हाई लागायचा,” तो म्हणाला.

लागणार कसा? पोलिसांत उंची मोजून घेतात. चारही खांदे एका मापाचे होते. आमच्या गावचा देव पहिल्यांदाच सरळ चालला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, ताठ. मला ते अंगावर काट्यासारखं टोचत होतं. माझ्या उजव्या हाताला जी ओढ दरवर्षी लागायची ती नव्हती. आत आंब्याखाली कंपनीच्या माणसाने नारळ फोडला. बाहेर, भिंतीपलीकडे, आमचा गाव चिडीचूप उभा होता. तेवढ्या शांततेत मी कधी आरती ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाकी वर्दीतले चार जण, अनवाणी, खांद्यावर पालखी. लोकांनी फार कौतुक केलं. लांबलांबच्या ओळखीच्यांनी मला तो मोबाइलवर पाठवला, हात जोडल्याच्या चित्रांसकट. फोटोत माझ्या खांद्यामागे, लांब, पांढऱ्या रेघेवर एक ठेंगणा माणूस टॉवेल हातात घेऊन उभा दिसतो. त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी फोटो फ्रेम करून ठाण्यात लावला. ते बदलून गेले, फ्रेम तशीच आहे. मी हजेरीला तिच्या खालूनच जातो.

संप मोडला. मोडणारच होता. पावसाळा लागायच्या आत निम्मे लोक कागदांवर सह्या करून मोकळे झाले. दिवाळीनंतर कंपनीनेही गाशा गुंडाळला. ट्रेलरवर मशिनी चढवून दुसऱ्या राज्यात नेल्या, आणि त्याही बंदोबस्ताला मी होतो. अडवायला कुणी आलंच नाही. रिकाम्या रस्त्याला आम्ही पहारा दिला. कंत्राटी पोरंही एका दिवसात कुठे पांगली देव जाणे. त्यांचं तर कुणी नावही विचारलं नव्हतं.

दादा आता कोळवणला एका फार्महाऊसवर राखणीला आहे. शनिवारी पुण्याच्या गाड्या आल्या की गेट उघडायचं, रविवारी गेल्या की लावायचं. घरी तो माझ्याशी नीट बोलतो. माझ्या पोरीला खांद्यावर घेतो, जेवताना मला भाकरी वाढ म्हणून वहिनीला सांगतो. वर्षभरात त्याने त्या दिवसाचा एक शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरला. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

यंदा यात्रेला मी रजा टाकली. धोतर, पांढरी टोपी, सगळं रीतसर. गेट उघडंच होतं, कुलूप लावायलाही कुणी उरलेलं नाही. फक्की तर पहिल्याच पावसात वाहून गेली. देवळापासून पालखी आम्ही दोघांनी उचलली, उजवीकडे दादा, टॉवेलची चौपदरी घडी, आणि पालखी पहिल्यासारखी त्याच्या अंगावर कललेली. रस्ताभर मला रडू येत होतं आणि मी ते गुलालावर ढकलत होतो. सगळं परत मिळालं, असं मला वाटत होतं.

जिथे रेघ होती तिथे दादा थांबला. तिथे आता रेघ नाही, खूण नाही, नुसतं डांबर. त्याने दांडा उचलून धरला आणि खांदा काढला.

मी म्हणालो, “दादा, चल की. आता कोण अडवतंय?”

“कुनीच न्हाई,” तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात. राग असता तर मी पाय धरले असते. “पन तू वर्दीत थांब म्हनला हुतास. वर्दीत चल म्हन, मंग यीन.”

वर्दी घरी खुंटीला होती. आणि अंगावर असती तरी मी कुणाच्या हुकमाने म्हणणार होतो? थांबवायचा हुकूम लेखी आला होता. ज्यांनी तो आणवला ते मशिनी घेऊन निघून गेले, आणि आत बोलवायचा हुकूम काढायला मागे कुणी राहिलेलं नाही. दादाने टॉवेल झटकून हातावर घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मागून चुलतभाऊ पुढे आला, माझ्याएवढाच उंच. ताशा वाजू लागला, आणि आम्ही सरळ पालखी घेऊन आत गेलो.