शहाळं बंद

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या सोसायटीत दुपारी बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची. श्यामकांतांकडे मात्र बेल नाही, दार धडधडायचं. "सायेब! जित्ते हायेत ना?"

हा महिपती. कारखान्यात त्यांच्या हाताखाली फिटर होता, आता बदलापूरजवळ गावी राहतो. एका हातात कोयता, दुसऱ्यात शहाळ्यांची पिशवी. बायको गेल्यापासून या घरात मोठ्याने बोलणारा तेवढा एकच.

शहाळी सुरू झाली ती डॉक्टरांमुळे. श्यामकांतांच्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या बारक्या ग्रंथीत गाठ झाली होती. तिच्यापायी रक्तातलं पोटॅशियम सारखं उतरायचं, पाय लाकूड व्हायचे. "नारियल पानी पियो साईं, केळी खा," कॅम्प पाचचे सिंधी डॉक्टर म्हणाले. महिपतीने ते फारच मनावर घेतलं.

मग ऑपरेशन झालं, गाठीसकट ग्रंथी गेली आणि डॉक्टरांचं बोलणं उलटं फिरलं. "दुसऱ्या बाजूची ग्लँड अभी सोयी है, साईं. आता पोटॅशियम चढणार, मीठ उतरणार. नारळपाणी टोटल बंद. ताकात मीठ घालून प्या."

श्यामकांतांनी मान डोलावली. घरी आले, तर दारात महिपती. कोयता चालला, स्ट्रॉ खुपसली गेली. "प्या. तोंड बगा कसं उतरलंय." आणि मग पंख्याखाली बसून चुलत्याच्या म्हशीपासून कात्रपच्या नव्या टॉवरपर्यंत त्याची गाडी सुटली.

श्यामकांत प्यायले. दुसऱ्या दिवशीही प्यायले. सांगणार कसं? आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाणं महिपतीला ठाऊकच नव्हतं. शहाळं बंद म्हणजे महिपती बंद.

मुलगा अवधूत पुण्याहून रविवारी फोन करायचा. "बाबा, ऑल गुड ना? गोळ्या चालू ना? चला, मीटिंग आहे." रविवारी कसली मीटिंग, हे ते विचारत नसत.

पुढचा रिपोर्ट पाहून डॉक्टर 'साईं' म्हणायचं विसरले. "काय पिता तुम्ही? धडधडतं छातीत?"

"थोडं."

"थोडं? अहो, दिल बंद पडेल एका झटक्यात!" लगेच ॲडमिट करून घेतलं.

घरी परतल्यावर त्यांनी महिपतीला एकदाचं सांगितलं. त्याचा कोयता हातातच राहिला.

"म्हंजे मी तुमाला इख पाजत व्हतो?"

"तसं नाही रे."

"आन् तुमी पीत व्हता! तोंड नव्हतं काय सांगायला?"

पिशवी उचलून तो गेला, तो आलाच नाही. दुपारी फ्रिज तेवढा घरघरायचा. एकदा श्यामकांतांनी बंद दाराकडे बघून स्वतःच म्हणून पाहिलं, "सायेब, जित्ते हायेत ना?" महिपतीसारखं जमलं नाही.

शेवटी त्यांनीच फोन लावला.

"काय आणू?" महिपतीने पहिलं तेच विचारलं.

"काही नको."

"मंग यिऊन करू काय?"

श्यामकांतांची नजर टेबलावर गेली. समोर मिठाच्या ताकाचा पेला निवांत पडून होता.

"शहाळं आण," ते म्हणाले. "एकच. तू पी."

"आन् तुमी?"

"मी ताक पितो. तू बोल."

पलीकडे महिपतीने घसा खाकरला. "येतो. दार उघडं ठेवा."

"नको," श्यामकांत घाईने म्हणाले. "बंदच ठेवतो. तू धडधडव."