वाळूची पेटी

माझा नवरा कमरेला दोर बांधून पेवात उतरला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ तळाशी ओल्या ज्वारीवर तोंडघशी पडला होता. तीनदा हाक मारली, ओ नव्हती. कुजलेल्या दाण्याचा आंबट वास वर येत होता. आणि माझा सासरा पेवाच्या तोंडाशी बसून एकच बोलत होता, "पाणी तर उतरलंय की. पाणी उतरलंय." पोटचा पोर खाली पडलाय आणि म्हातारा पाण्याचं सांगतोय. त्याच्या डोक्यात वाळू भरली होती. कोणी भरली तेही सांगते.

रझाकारी संपून दोनेक वर्षं झाली होती. गावाच्या वरच्या अंगाला तळ्याचा बांध वाढवला, आणि गावाची जमीन खालून ओली व्हायला लागली. चुलीजवळची भुई दमट, गोठ्यात चिखल. जास्त नुकसान पेवांचं झालं. पेव म्हणजे अंगणात दोन पुरुष खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून माती लिंपायची. वर्षाचं खाणं त्यातच. त्या साली अर्धी ज्वारी काळी पडली.

मग हैदराबादेहून ओव्हरसियर आला. बूट चिखलात रुतू नयेत म्हणून गडी त्याच्या पुढं फळ्या टाकत चालत होते. जमिनीत पाणी किती वर आहे हे बघायला आलेल्या माणसाला ते बुटावरून कळायला हरकत नव्हती. त्यानं आमच्या अंगणात एक पेटी मांडली. तिला एका बाजूनं काच, आत वाळू, वाळूत काचेच्या नळ्या उभ्या. एका टोकाला भोकं पाडलेला डबा, ती विहीर. दुसऱ्या टोकाला खाच, तो चर. वाळूत पाणी ओतलं, नळ्या भरल्या. मग पिचकारीनं डब्यातलं पाणी ओढलं, खाच मोकळी केली, आणि सगळ्या नळ्यांतलं पाणी सारखं खाली बसलं. बाप्यांनी गारुड्याच्या खेळाला करावं तसं "वा, वा" केलं. सासऱ्याची मान तर थांबेना.

मी दारातून विचारलं, "ही वाळू कुठली?"

"ओढ्यातली," गड्यानं सांगितलं.

"आमची पेवं ओढ्यात न्हाईत, सायेब. इथं चिकट काळी माती हाय."

सगळे हसले. ओव्हरसियर म्हणाला, "अजी अक्का, मट्टी सब एकीच है. पानी को क्या मालूम?"

सासरा म्हणाला, "चार यत्ता शिकली तर सायबाला शिकवायलीस? आत जा."

मी आत गेले. भाकरीच्या काटवटीत अंगणातली काळी माती दाबून भरली. एरंडाच्या पानांचे देठ पोकळ असतात, ते नळ्यांसारखे रोवले. मधे खड्डा केला, माती पाण्यानं तुडुंब भिजू दिली आणि वाटीनं खड्ड्यातलं पाणी उपसत बसले. खड्डा कोरडा झाला. खड्ड्याजवळच्या देठातलं पाणी उतरलं. काठाजवळच्या देठांत काडी बुडवली तर होतं तेवढंच. काळी माती पाणी सोडत नाही. उपसाल तिथं खळगा पडतो, बाकी ठिकाणी पाणी बसलेलं राहतं. हे कळायला पेटी लागत नाही, शेतात नांगर धरलेला असावा लागतो, आणि तो आमच्या सगळ्या बाप्यांनी धरलेला होता.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं स्वतः एकेका देठात काडी बुडवून बघितली.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला.

"मग अप्पाला सांगा की."

"सायबापुढं मान डोलवलीय त्यांनी. आता कोण सांगणार?"

त्याला बापाशी बोलायची हिंमत नव्हती, पेवात उतरायची होती.

पाणी उपसायचं इंजिन आलं. नारळ फुटला. गावविहिरीवर ते दिवसभर धडधडायचं. गावाखाली चर खणला. विहिरीचं पाणी झपाट्यानं खाली गेलं, आणि सासरा रोज दोर सोडून किती गाठी भिजल्या ते मोजायचा. आमचं पेव विहिरीपासून दोन गल्ल्या लांब. पेवाशेजारी गोठ्यात मी हातभर खणलं तर ओंजळभर पाणी लागलं. मी सासऱ्याला बोलावून दाखवलं. म्हणाला, "गुरांचं मूत आसंल." त्यानं पेव भरलं, पीक थोडं म्हणून निम्म्यापर्यंतच.

श्रावणात एका सकाळी निरोप आला, ओव्हरसियर मोठ्या साहेबाला घेऊन येणार, पेवातली कोरडी ज्वारी दाखवायची. त्याच सकाळी सासऱ्यानं पेव फोडलं. आमच्याकडची रीत अशी की तोंड उघडून एक दिवस वारा लागू द्यायचा, मग पेटता दिवा सोडायचा. विझला तर आत वाफ धरलेली, माणूस गुदमरतो, उतरायचं नाही.

मी म्हणाले, "अप्पा, दिवा सोडा."

"दिवा ओल्या पेवाला. ओल्यात वाफ धरती. पाणी उतरलंय आपलं."

"सायेब दुपारी येणार. घाई कामून?"

"तुला काय कळतंय!" म्हातारा धाकट्याला म्हणाला, "उतर रे."

धाकटा उतरला. चार ओंजळी टोपलीत टाकल्या असतील. म्हणाला, "अप्पा, खाली वली लागायलीय." आणि पडला.

नवऱ्यानं दोर बांधून घेतला. मी म्हणाले, श्वास धरा, बोलू नका. खाली जाऊन त्यानं स्वतःचा दोर सोडला, भावाच्या काखेतून घातला आणि हिसका दिला. आम्ही ओढलं. मी आणि शेजारचे दोघं. सासऱ्याचे हात चालत नव्हते. धाकटा वर आला, निळा पडलेला. अंगणात पालथा घातला तर ओकला, आणि श्वास घ्यायला लागला. दोर परत टाकला. धरायला खाली कोणी उभं नव्हतं.

आम्ही कुदळीनं तोंड फोडून रुंद केलं, सुपांनी वारा घातला, दिवा तळापर्यंत जळत राहिला तेव्हा शेजाऱ्याला उतरवलं. तोवर दुपार झाली होती. साहेब लोक आले, गर्दी बघून जीपमधूनच परत फिरले.

दीर जगला. सासरा त्यानंतर बरीच वर्षं जगला. मी आहेच. नवरा वर आणला तेव्हा मेलेला होता.