बाहीवरचा कॉफीचा डाग

तो तपास आठवला की आजही अंगात वीज खेळते. खरे तर मी तेव्हा पोलीस खात्यातून निवृत्त झालो होतो. लेकीकडे फोरबर्ग या डच गावी आलो आणि करोनामुळे विमाने बंद झाल्याने तिथेच अडकलो. फिर्यादी म्हणजे लेकीची मैत्रीण, त्याच देशात बाडहूव्हडॉर्पला राहणारी. नावे सांगत नाही.

ही बाई फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या व्हिसावर आली, डच शिकली, परीक्षा दिल्या आणि घरी जाऊन उपचार करण्यासाठी आरोग्य विम्याच्या यंत्रणेत नोंदणीचा अर्ज केला. उत्तर आले, ‘तुमची नोंदणी आधीच झाली आहे.’ घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या एका केअर एजन्सीने तिच्या नावावर न केलेल्या उपचारांची बिले विम्याकडे लावली होती. म्हणजे तीच आरोपी ठरणार होती.

“पदवीची कागदपत्रं कुणाला दिली होतीस?” मी विचारले.

“फोनवर एक जण भेटला होता, काका. नोंदणी करून देतो म्हणाला. छान मराठी बोलायचा. नंतर नंबरच बंद.”

तिने पत्राने जाब विचारला, तेव्हा एजन्सीच्या मालकाने आम्हाला भेटायला बोलावले. मी काका म्हणून सोबत गेलो. गृहस्थ भारतीय, अतिशय नम्र. फोनवरच्या मराठी माणसाचा विषय निघताच हिंदीत म्हणाला, “हमें भी किसी ने धोखा दिया. मराठी मुझे बिल्कुल नहीं आती.” तो कॉफी आणायला आत गेला तशी ती कुजबुजली, “काका, आवाज तोच आहे.”

नुसत्या आवाजावर कुणाला धरता येत नाही. मी थांबलो. कॉफी आली, लॉकडाऊनच्या गप्पा निघाल्या. आरोपी सैलावला, की प्रश्न विचारायचा नसतो. मी तिच्याकडे वळून सहज म्हणालो, “यांच्या बाहीला कॉफी लागलीये. राहू दे, सांगू नकोस.”

त्याने हात उलटून बाही पाहिली.

बाही स्वच्छ होती. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. माझी छाती नव्या फौजदारासारखी धडधडत होती. मी मराठीतच म्हणालो, “आता पोलिसांना खरं सांगा. त्यात तुमचंही भलं आहे.”

तिथून आम्ही थेट पोलीस ठाण्यात गेलो. हकीकत सांगितली, पण बाहीचा प्रकार काही पुरावा नव्हे. तिच्या मोबाईलमध्ये मात्र त्याचे जुने आवाजी निरोप शिल्लक होते. पोलिसांनी ते समोर ठेवले तेव्हा त्याने कबुली दिली. तिच्या नावावरचा ठपका पुसला गेला.

माणूस जिभेवर पहारा ठेवू शकतो, कानांवर नाही, हे मला नोकरीने शिकवले होते. या तपासाने आणखी एक शिकवले. आरोपी सापडला की आम्ही गुन्हा उघडकीस आला असे लिहून मोकळे होत असू. इथे कबुलीनंतरही तिचा फोन आला की आवाजात धास्तीच असायची. मग एका सकाळी पुन्हा तिचा फोन आला.

“काका, नोंदणी झाली. माझ्या पहिल्या पेशंट आजी आत्ताच माझा हात धरून खिडकीपर्यंत चालल्या.”

माझ्या लेखी तो गुन्हा त्या सकाळी मिटला.