तीन हाका आणि एक पोस्टकार्ड

सोमवारी आपल्या कारखान्याच्या निर्जंतुक खोलीत जे झालं, ते या वहीत आधी क्रमाने लिहिते.

१. सकाळी दहाच्या सुमारास औषधाच्या कुप्या भरताना माझी बाही भरायच्या सुईला लागली, म्हणजे सुई निर्जंतुक राहिली नाही. मला कळलं नाही.
२. मागच्या टेबलावरून सखूबाईंनी ते पाहिलं आणि मला तीन हाका मारल्या.
३. मी भरत राहिले. शेवटी त्या टेबल सोडून समोर आल्या आणि हात आडवा धरला. तोवर भरलेल्या कुप्या टाकून द्याव्या लागल्या.
४. साहेबांना सखूबाई म्हणाल्या, "म्या उशिरा बघितलं." मंगळवारपासून त्या बाटल्या धुण्यावर आहेत.
५. मी गप्प राहिले.

गप्प राहिले, कारण मला ते खरंच वाटलं... मी एकही हाक ऐकली नव्हती. संध्याकाळी खोलीवर माझ्यासोबत राहणारी नलिनी म्हणाली, "अगं, तीन हाका मी पलीकडच्या टेबलावर ऐकल्या. त्यांच्यावर रुसली होतीस का?"

कारखान्याच्या प्रयोगशाळेतून त्या निर्जंतुक खोलीत येऊन मला आठच दिवस झालेत. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क नसतो.

नलिनीला समोर बसवून वीस शब्द वाचायला लावले. तोंड दिसत असताना एकोणीस बरोबर आले. मग तिने तोंडापुढे पोस्टकार्ड धरलं... तीन.

पोस्टकार्ड खाली आलं की आवाज परत येतो. ओठ वाचतेय असं वाटतच नाही, ऐकतेय असंच वाटतं. कान थोडं आणतो, उरलेलं डोळे आणतात, मेंदू दोन्ही जोडतो आणि सांधा मला दाखवत नाही.

दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या क्षयासाठी इंजेक्शनं घेतली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांनीच ऐकणं गेलं असावं. गेलेलं परत येत नाही... राहिलेलं जाऊ शकतं.

काल कँपातल्या दुकानांवरून चालत पिंपरी गावात सखूबाईंच्या घरी गेले. खोटं का सांगितलंत, असं विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबवून त्यांनी आधी तोंड माझ्याकडे केलं, मग बोलल्या.

"ताई, तुमाला म्होरनंच ऐकू येतं. पयल्या दिशी डबा खातानाच कळलं मला. मी काय, बाटल्या बी धुवीन... तुमाला ठेवतील व्हय?"

ठेवणार नाहीत. त्या खोलीत हाक ऐकू न येणारं माणूस चालत नाही, आणि प्रयोगशाळेतली माझी जागा भरली गेली आहे. साहेब मुंबईहून येत्या सोमवारी परत येतील, तेव्हा मी त्यांना खरं सांगणार आहे. सखूबाईंचं टेबल त्यांना परत मिळायला हवं.

कारखान्यातल्या आपणा सगळ्याजणींच्या या फिरत्या वहीत मी आजवर फक्त सही करून वही पुढे दिली. आज एक विचारते. मी पाठमोरी असताना तुमच्यापैकी कुणी हाक मारली आणि मी वळले, असं कधी झालंय का? झालं असेल तर कुठे, केव्हा, ते खाली लिहा. एकदाच झालं असलं तरी चालेल.

शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे.