भात्याच्या जागी ब्लोअर

आई गेली, आणि थोड्याच दिवसांत रस्ता रुंद करताना आमची लोहारकामाची शेड पाडली. भाता शेडखाली मोडला. ऐरण तेवढी घरी आली.

आमच्यात भाता बाईच ओढते. आधी आजी, मग आई. मी कधी ओढला नाही. मला शाळेत घातलं, आणि आता मी अंधेरीला एका गाळ्यात मिक्सरच्या मोटारींचं वाइंडिंग करते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीच्या पायरीवर बसून राहायचे. ताट ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. बसलेला माणूस लवकर संपतो, हे मी आजूबाजूला पुष्कळदा पाहिलंय. त्यांना उठवायचं तर हाताला काम हवं, कामाला आग हवी आणि आगीला वारा. त्यातला वारा माझ्या हातातला होता.

भट्टीसाठी भंगारातून ट्रकचा ब्रेक ड्रम आणला. तो विटांवर बसवला, तळाच्या भोकात लोखंडी पाइप घातला आणि वर कोळसा राहील अशी जाळी टाकली. हॉटेलच्या तंदूरला लावतात तसला छोटा ब्लोअर एका दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. त्याची रबरी नळी थेट ड्रमला जोडली असती तर वितळली असती, म्हणून मध्ये हातभर पाइप मोकळा ठेवला आणि जोडावर क्लिप आवळली. तळहात धरून वारा कुठे गळत नाही ना, ते पाहिलं.

शेजारची मालवणी मावशी दारातून बघत होती. "काय गो, कोंबडी भाजतलंस काय?"

"तंगडी तुलाच देते. आधी ती वाळत घातलेली साडी काढ, ठिणगी उडेल."

मावशीने साडी काढली, पण बडबड थांबवली नाही.

अण्णा पायरीवरूनच म्हणाले, "हे काय?"

"भाता."

"चामडं कुठंय?"

"लागत नाही. बटण दाबायचं."

"ओढणार कोण?"

"कोणीच नाही."

ते उठले आणि फडक्याने ऐरण पुसली. मला वाटलं, जमलं.

नाक्यावरच्या शहाळेवाल्याचा कोयता बोथट झाला होता. अण्णांनीच घडवलेला. मी तो मागून आणला आणि रविवारी सकाळी कोळसा पेटवला. बटण दाबलं तशी आग घुमायला लागली. अण्णांनी चिमट्यात कोयता धरून पातं निखाऱ्यात सारलं. लाल झालं, मग पिवळं. त्यांनी उजव्या हातातली हातोडी ऐरणीवर हलकेच दोनदा वाजवली. मी क्लिप बघत होते. त्यांनी पुन्हा दोनदा वाजवली. तेवढ्यात पात्यातून फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या. लोखंड जळत होतं. मी धावत बटण बंद केलं तोवर धारेची कड खाल्ली गेली होती, कुरतडल्यासारखी.

"ओरडायचं ना अण्णा."

"वाजवलं की."

"मला काय कळणार?"

"तुला नव्हतं वाजवलं."

दोनदा टक टक म्हणजे वारा थांबव. हे मला त्या दिवशी कळलं. लहानपणापासून तो आवाज ऐकत होते, कामाचाच आवाज समजत होते. अण्णा भट्टीच्या डाव्या बाजूला बघत होते. शेडमध्ये आई त्या बाजूला भाता ओढत बसायची. आता तिथे पाण्याचा ड्रम होता.

तो कोयता गेलाच. शहाळेवाल्याला घरातला दिला आणि नवा करून देतो म्हणून सांगितलं. मग मी वाऱ्याचाच विचार केला. शिलाई मशीनच्या मोटारीला पायाचं पेडल असतं. जोर दिला की वेग वाढतो, पाय उचलला की बंद. ब्लोअरची मोटार छोटी होती, म्हणून तिला ते चाललं. पुढच्या रविवारी पेडल अण्णांच्या पायाखाली ठेवलं.

"आता तुम्हीच ओढा, तुम्हीच थांबवा. कुणाला सांगायला नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हं," म्हणाले.

नव्या कोयत्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवायला घेतला. पायाने वारा कमीजास्त करायला त्यांना लगेच जमलं. मी त्यांच्या हातोडीकडे बघत राहिले. पाटा पिवळा झाला तशी त्यांनी ऐरणीवर दोनदा टक टक केलं, क्षणभर थांबले, आणि मग स्वतःचा पाय उचलला. लोखंड तापवलं की दर तावाला हेच. वाजवायचं, थांबायचं, पाय उचलायचा.

कोयता उत्तम झाला. धारेला पाणी दिलं, मूठ बसवली, अण्णा स्वतः नाक्यावर देऊन आले. परत आल्यावर हात धुतले आणि म्हणाले, "ते काढून ठेव."

"बिघडलं काय?"

"नाही. चांगलं चालतं."

"मग?"

"काढून ठेव गं."

भट्टी गार होईपर्यंत मी थांबले. मग क्लिप सैल केली, नळी गुंडाळली, ब्लोअरमधली राख झटकली आणि मोटारीत दोन थेंब तेल घालून तो माळ्यावर ठेवला. राख बसू दिली तर मोटार जाते. अण्णा पायरीवर जाऊन बसले होते. मी ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं.