मुलाखत माझी, उत्तरं मंगलची

आम्ही आटपाडी सोडली त्या सकाळी स्टँडवरच्या माझ्याच माईकवरून माझ्याच जाण्याची घोषणा झाली. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या गाड्या सांगण्यात गेली. माझ्या जागी आलेल्या बाळूला त्या दिवशी भरून आलं आणि तो म्हणाला, "आपले जाधवसाहेब सपत्नीक वसईला प्रस्थान करीत आहेत. प्रवाशांनी सहकार्य करावे." सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं ते प्रवाशांना कळेना. दोघंचौघं उठून उभे राहिले. तात्या, तुम्ही तर टोपी काढलीत. मी हुंदके देत होतो आणि मंगल, म्हणजे आमची मंडळी, गाडीच्या खिडकीशी बसून बाहेर बघत होती. डोळ्यांत पाणी नाही, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, बिचारी दुःख गिळतेय.

कट्ट्यावरच्या मंडळींनो, तुम्ही दर फोनला विचारता, "मग परत कधी?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

माझी अँजिओप्लास्टी झाली आणि संदीप म्हणाला, "बाबा, आता तिकडं दोघांनीच राहायचं नाही." त्याचा फ्लॅट वसईजवळ उमेळ्याला. आमच्या गॅलरीतून केळीची बाग दिसते. इथं बागेला वाडी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एका गृहस्थानं सहज सांगितलं की त्यानं आपली वाडी विकली. मी घरी येऊन संदीपला म्हटलं, "अरे, त्या माणसानं अख्खी वस्ती विकून खाल्ली आणि वर हसत होता!"

माझं काही इथं जमेना. पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ. मीठ डब्यातून ठोकून काढायचं. टॉवेल वाळायचं नाव नाही. ज्वारी मागितली तर दुकानदार औषध मागितल्यासारखा चेहरा करतो. आणि जेवायला मासे! मी घासागणिक काटे शोधत बसायचो. लहानपणी परगावी निघालो की आई बजावायची, "पोटाला जप रं बाबा, बाकीचं होतंय समदं." इथं बाकीचं होत होतं, पोटाचंच अवघड झालं होतं.

शेवटी मी संदीपला सांगून टाकलं की दिवाळीला आम्ही परत जाणार, कायमचे. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, "तुझ्या आईला इथं करमत नाही. ती बोलत नाही, पण आतून सुकत चाललीय."

"सुकतेय?" संदीप म्हणाला. "बाबा, तिचे सगळे ब्लाऊज उसवायला टाकलेत."

मंगलला विचारलं तर ती म्हणाली, "जाऊ की." एवढंच. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

श्रावणात वरच्या मजल्यावरची शर्वरी आली. नववीतली मुलगी, चुणचुणीत. तिच्या इंग्रजीच्या मिसनं वर्गाला काम दिलं होतं: गाव सोडून वसईत आलेल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची आणि त्याचं चरित्र इंग्रजीत लिहायचं. "रविवारी मैत्रिणीला घेऊन येऊ का?" मी म्हटलं, जरूर या. चरित्राला आमच्या मजल्यावर दुसरं होतं कोण?

शनिवारी मी केस कापून आलो. रविवारी सफारी घातला. काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवलं: गरिबी, अनवाणी शाळा, एसटीतली पहिली नेमणूक, यात्रेत हरवलेलं मूल माईकवरून आईला परत मिळवून दिलं तो प्रसंग. तिथं जरा आवाज जड करायचा, असंही ठरवलं होतं. बेल वाजली. शर्वरी आणि तिची मैत्रीण, जवळच्या सांडोर गावची ज्वेल, अशा दोघी दारात उभ्या. ज्वेलच्या हातात घरची वेलची केळी.

"या, या," मी म्हणालो. "कुठून सुरुवात करू?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग शर्वरी म्हणाली, "आजोबा, आजी आहेत ना?"

मला वाटलं, चहासाठी विचारतेय. पण मुलाखत मंगलची होती. का, तर म्हणे बिल्डिंगमध्ये कुठली मासेवाली खरी आणि कुठल्या माशाला बर्फ लागलाय हे सगळे आजींनाच विचारतात, आणि आजी फेमस आहेत. एका घरात राहून मला ही प्रसिद्धी ठाऊक नव्हती. मी सफारीचं वरचं बटण काढलं आणि म्हणालो, "हरकत नाही. हिला इंग्रजी येत नाही. मी दुभाष्याचं काम करतो."

मंगल पदराला हात पुसत येऊन बसली. ज्वेलनं विचारलं, "व्हेअर वर यू बॉर्न?" देवगडजवळ, असं मंगल म्हणाली. तेवढं मी बरोबर सांगितलं. पुढचा प्रश्न, घर सोडताना कसं वाटलं?

मंगलनं पदर सावरला. मग तिनं सुरुवात केली. तिचे मामा आटपाडीला कंपाउंडर होते, त्यांनी स्थळ आणलं. लग्न होऊन ती आमच्या फाट्यावर उतरली, तेव्हा भर उन्हाळा होता. चारी बाजूंना बघितलं तर माळ आणि धूळ. तिनं माझ्या आईला विचारलं, "दर्या खंय?" आईला कळेना. मग तिनं हातानं लाटा करून दाखवल्या. आई म्हणाली, "तळं हाय की. पर पानी नसतं त्यात." मंगल म्हणाली, "त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडले. मासळीचं तर नाव काढायची सोय नव्हती, सासूबाईंना वासानंच उलटी व्हायची."

मी घसा साफ केला आणि मुलींना सांगितलं, "शी वॉज व्हेरी हॅपी."

शर्वरीचं पेन थांबलं. "आजोबा, आजी असं नाही म्हणाल्या."

"तुला एवढं मराठी कळतं?"

"आजोबा, आम्ही खेडचे आहोत."

"आणि मी इथलीच," ज्वेल म्हणाली. "आम्ही घरी वेगळं बोलतो, पण आजींचं सगळं कळलं. दर्यापण."

दुभाष्याची नोकरी तिथंच गेली. तरी मी उठलो नाही. ज्वेलनं पुढचं विचारलं, "वसईत आल्यावर सगळ्यात कठीण काय वाटलं, आजी?"

मंगलनं एक बोट माझ्याकडं केलं. "हे."

मुली खाली बघून हसायला लागल्या.

"नाहीतर काय," मंगल म्हणाली. "इथं गाडीतून उतरले आणि तो खारा, चिकट वारा अंगाला लागला. म्हटलं, आले बाई एकदाची! नारळ आहे, केळ आहे, बाजारात मासळीला गेलं की जिताडा आहे. मला काय कठीण असणार? पण ह्यांच्या तोंडाकडं बघून हसायची चोरी. माणूस रोज पापड हातात धरून सुतक पाळतोय."

"मग तू 'जाऊ की' असं का म्हणालीस?" माझा आवाज चढला.

"तुम्हाला करमत नाही म्हणून! मला सवय आहे, एकदा गेलेच होते की."

"अगं, मी तर तुला करमत नाही म्हणून निघालो होतो! संदीपला सांगितलं, ही आतून सुकतेय!"

"मी? सुकतेय?" तिनं स्वतःकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि तिला असं हसू फुटलं की सोफा हलायला लागला. मला राग आला होता, पण तो टिकेना. मी तिच्या शेजारी बसून होतो आणि मला ती स्टँडवरची खिडकी आठवत होती. दुःख गिळतेय म्हणे! ती गुपचूप दर्याकडं निघाली होती.

"आजोबा," ज्वेल म्हणाली, "प्लीज थोडं हळू भांडा. लिहायचं राहतंय."

पुढच्या आठवड्यात मुलींनी चरित्र वाचून दाखवलं. दोन पानं मंगल. मी एका ठिकाणी होतो: "हर हजबंड इज अ रिटायर्ड अनाउन्सर. ही इंटरप्टेड मेनी टाइम्स." मिसनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं म्हणे, आणि त्याच वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मंगलनं शर्वरीकडून ते मराठीत ऐकलं आणि म्हणाली, "खरं लिहिलंय पोरींनी." मग मला हळूच विचारलं, "पण आपलं जायचं काय ठरलं?"

मी म्हटलं, "दिवाळीला जाऊ. राहायला नको, भेटायला जाऊ." तिनं मान हलवली आणि आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून गाण्याचा आवाज आला. आटपाडीत मी ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. शब्द मालवणी होते. मी दारात जाऊन उभा राहिलो तर म्हणाली, "काय, दुभाषी, सांगा अर्थ."

दिवाळीला आलो ते तुम्ही बघितलंतच. कट्टा झाला, ज्वारीची भाकरी झाली, पापड कुरकुरीत होता. तात्या, तुम्ही म्हणालात, साहेब आता इथंच राहा, आणि मला बरं वाटलं. पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपल्या अंगणात बाजेवर पडलो होतो. ओठ फुटले होते, पाय उलले होते, आणि कुठून कोण जाणे, ज्वेलच्या घरच्या वेलची केळ्याची चव जिभेवर आली. मंगल उंबऱ्यात बसून शेंगा निवडत होती. मी सहज विचारून गेलो, "काय गं, घरी कधी निघायचं?"

तिनं शेंगांवरचा हात थांबवला. अंगणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"घरीच हायसा की," ती म्हणाली, आमच्या आईच्या आवाजात, आणि हसत हसत पिशवी भरायला आत गेली.