खोट्या अशिलाची सही

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटिसा टाइप करून निवृत्त झाल्यावर बाईंना काम मिळालं ते रडण्याचं. शिकाऊ वकिलांच्या कौशल्य-प्रशिक्षणात त्या खोट्या अशील होत्या: घरमालकाने घर सोडायला सांगितलेली विधवा. खरा नवरा घरी शब्दकोडं सोडवत बसलेला असायचा.

"आज किती वेळा मेलो?"

"आठ," बाई चपला काढत सांगायच्या.

तुकडीत आठ जण. आठही जण डोळ्यांत डोळे घालून म्हणायचे, "तुमचं दुःख मी समजू शकतो." त्या वाक्याला पाच गुण होते. मग बाई नोटीस पुढे सरकवायच्या. ती त्यांनीच टाइप केलेली. उत्तराची मुदत उद्याच संपते, हे दुसऱ्या पानावर. तारीख दर तुकडीला नवी. चार वर्षांत ते पान कोणी उलटलं नव्हतं.

परवा एका मुलीने उलटलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो काकू, हे उद्या संपतंय! आधी उत्तर लिहू, बाकीचं मग सांगा."

ती लिहायला बसली. दुःख समजायचं राहूनच गेलं.

प्रशिक्षकांनी तिला नापास केलं. सहानुभूतीच्या रकान्यात शून्य. पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी, तोवर सनद लांबली. गुणपत्रिकेखाली 'मूल्यमापन मान्य' म्हणून अशिलाची सही लागायची. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"सर, बाकीच्या सात जणांनी माझं घर घालवलं असतं."

"बाई, घर खोटं आहे."

"असू दे की. कागद तर तिने खराच वाचला ना? त्याला गुण किती?"

"तसा रकाना नाही."

"वकिलाने कागद वाचला, याला रकानाच नाही?"

"तुम्ही उगाच चिडताय."

"मग समजून घ्या की माझं दुःख! पाच गुण आहेत त्याला."

सरांनी ते पाच गुण सोडले. घड्याळ पाहिलं, पत्रिका ओढली आणि अशिलाच्या जागी स्वतःच सही ठोकून दिली. पुढच्या तासाला त्यांना व्यावसायिक नीतिमत्ता शिकवायची होती. उशीर करून चालणार नव्हतं.

बाई बाहेर आल्या. मुलगी बाकावर मान खाली घालून बसली होती. त्यांनी तिच्या मांडीवर कोरा कागद ठेवला.

"फेरतपासणीचा अर्ज लिही. मी सही केलेली नाही, हे मी लिहून देते."

"काकू, तुम्हाला परत बोलावणार नाहीत."

"नाही बोलावणार," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. "आजची तारीख घाल आधी."